कै. शाहू छत्रपती व श्रीमंतांचे कर्तव्य

करवीरचे शाहू छत्रपती यांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य आमच्या वाचकांत क्वचितच असेल. परंतु ज्याच्यापाशी पुष्कळ आहे त्याने काय द्यावे, या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा विचार थोडेच करितात. म्हणून तो आज येथे करू.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी दरबारच्या वरिष्ठ जागा बहुतेक एकाच वर्गाकडे होत्या आणि खेड्यांतील रयत निरक्षर होती. नित्याचा दानधर्म चालविला असता तरी लोकांनी त्यांस उदारच म्हटले असते. परंतु ज्याला आज भाकर दिली तो उद्या पुन्हा दारी येतो. म्हणून घेणाऱ्यास पुन्हा हात पसरावा लागू नये, असे दान त्यांनी निवडले.

१९०१ सालापासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान इत्यादी समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ साली, ज्यांस तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांच्या मुलांचीही सोय झाली. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांस देण्याचे ठरले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड असे. १९२० साली डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक' पत्रास त्यांनी २,५०० रुपये दिले आणि त्याच वर्षी माणगावच्या परिषदेत त्यांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला.

या दानासाठी महाराजांस वरिष्ठ वर्गांचा रोष व वृत्तपत्रांची टीका सोसावी लागली. खजिन्यातून पैसा देणे सोपे. सत्तेत वाटा देणे कठीण. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

महाराज राजे होते, लोकांनी निवडलेले नव्हते, हे विसरून चालणार नाही. एका राजाने दिलेला हुकूम दुसरा राजा फिरवू शकतो. परंतु शिकलेल्या मुलाची अक्षरे कोणी काढून घेऊ शकत नाही. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व १९५० साली राज्यघटना अमलात आली. तेव्हापासून धनिकाचे व मजुराचे मत एकाच मोलाचे आहे. तथापि जो कर्जात बुडालेला आहे, ज्याची चूल सावकाराच्या मर्जीवर पेटते, त्याचे मत विकत घेणे अवघड नसते. म्हणून गरिबास निर्भय करणे हेच लोकशाहीचे खरे रक्षण होय, आणि त्याचा अधिक भार ज्यांच्यापाशी अधिक आहे त्यांनीच उचलला पाहिजे.

हे काम राजवाड्यातल्यांचेच आहे असे नाही. ज्याची दहा एकर बागायत आहे, त्याने आपल्या शेतमजुराच्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा. मात्र त्याच्या बदल्यात निवडणुकीच्या दिवशी तिच्या बापाकडे काहीही मागू नये. असे दान देणाऱ्याचा अधिकार थोडा कमी करते, आणि म्हणूनच ते खरे दान होय.