लीबिग यांची पिवळी भुकटी

युस्टुस फॉन लीबिग यांचा जन्म १८०३ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग व रसायनांचे व्यापारी, त्यामुळे प्रयोगांचा नाद लहानपणीच लागला. एकविसाव्या वर्षी ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. आम्हा डॉक्टरांना ते आठवतात क्लोरोफॉर्ममुळे. तो स्वतंत्रपणे तयार करणाऱ्या तिघांपैकी ते एक.

पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पोटॅशच्या द्रावणात पकडायचा आणि वजन करायचे, यासाठी १८३१ मध्ये त्यांनी पाच फुग्यांचे काचेचे उपकरण बनवले. पदार्थात कार्बन किती, हे आता नेमके सांगता येऊ लागले.

१८३४ मध्ये थायोसायनेटचे क्षार तापवताना त्यांना एक पिवळी भुकटी मिळाली. तिचे नाव मेलॉन. फळाशी संबंध नाही. तीत मुख्यतः कार्बन आणि नायट्रोजन होते. पण हे अणू एकमेकांना जोडलेले कसे, ते कळेना. भुकटी विरघळत नव्हती, चांगले स्फटिकही देत नव्हती. रक्ततपासणीचे आकडे हाती यावेत, पण बिघाड नेमका कुठे ते दिसू नये, तशी ही स्थिती.

लीबिग पुढे खते आणि अन्न यांच्या रसायनशास्त्राकडे वळले. १८५२ मध्ये ते म्युनिकला गेले व १८७३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. कोडे तसेच राहिले.

१९१२ मध्ये त्याच शहरात क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना शोधण्याची वाट सापडली. पण तिला चांगला स्फटिक हवा, म्हणून मेलॉनपुढे ती अपुरी पडली. अखेर २००७ मध्ये म्युनिकच्याच संशोधकांनी इलेक्ट्रॉन झोत, एनएमआर (एमआरआयमागचे तत्त्व हेच) आणि संगणकीय गणित यांची सांगड घातली. अशा गणितात अणूंच्या शक्य मांडण्यांची ऊर्जा काढतात. कमी ऊर्जेची मांडणी अधिक टिकाऊ. ती प्रयोगाशी जुळते का, हे मग तपासतात. मेलॉनमध्ये एकमेकांना चिकटलेल्या तीन वलयांचे घटक नागमोडी पट्ट्यांत गुंफलेले असतात, हे स्पष्ट झाले.

२००९ मध्ये याच कुळातील कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन सुटा करण्यास मदत करते, असे दिसून आले. त्याचे थर कसे रचले आहेत, यावर त्याचे प्रकाशाशी वागणे अवलंबून असते. म्हणून संशोधक नव्या रचना आधी संगणकावर पडताळतात, मग भट्टीकडे वळतात. वेळ वाचतो. जळताना धूर न सोडणारे इंधन असे स्वस्तात मिळाले, तर दम्याच्या रुग्णांचा श्वास थोडा मोकळा होईल.

घटक मोजायला लीबिग यांनी शिकवले; त्यांच्याच भुकटीची मांडणी कळायला १७३ वर्षे लागली.