उसन्या पेशींचा हिशेब

पावसाने जोर धरला की आमच्या रत्नागिरीत कोयकलमे बांधण्याची लगबग सुरू होते. रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घातलेल्या असतात. त्यांचे कोवळे तांबूस कोंब वर आले की शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, तीत हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचे. पाच-सहा वर्षांनी त्या झाडाला हापूसच लागतो. कोय लावून हापूस हुबेहूब उतरत नाही, म्हणून ही खटपट. म्हणजे आज बागेत उभे असलेले प्रत्येक हापूसचे कलम हा कुठल्या तरी जुन्या झाडाचा तुकडा आहे. ते मूळ झाड कधीच वठून गेले असेल. काडी मात्र जगते आहे. ती काडी कुणाची, हे आपण विचारीत नाही. झाडाच्या बाबतीत तसे विचारण्याचे कारणही नसते.

माणसाच्या शरीराचा तुकडा असाच काढून काचेच्या भांड्यात जगवला, वाढवला, तर मात्र हा प्रश्न विचारावा लागतो. आणि ती वाढणारी गोष्ट मेंदूची असेल तर आणखी दोन प्रश्न उभे राहतात. तिला काही कळते का? आणि कळत असेल तर आपण करतो आहोत ते बरोबर का? आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांत मानवी मेंदूच्या पेशींचे मसुराएवढे गोळे वाढवले जात आहेत. त्यांच्या बातम्या वाचताना मला नेहमी एका मराठी बाईची आठवण होते. भारतात मानवी ऊती काचेत वाढवण्याच्या विद्येचा पाया घालणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांची.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनी शिकले पाहिजे, असे नुसते म्हणून न थांबता त्यांनी मुलीला हुजूरपागेत घातले. लेक हुशार. तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टर नवराच करावा, अशी त्यांची इच्छा होती. कमलने यातले एकही केले नाही. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि १९३९ साली तिने लग्न केले ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून १९४३ साली तिने एम. एस्सी. केले. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा. परसातल्या झाडाच्या पेशीपासून सुरू झालेला हा प्रवास माणसाच्या पेशीपर्यंत पोचायचा होता.

लग्नानंतर मुंबईत आलेल्या कमलाबाई परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कामाला लागल्या. कर्करोगासाठी १९४१ साली उघडलेले हे रुग्णालय तेव्हा अगदी नवे होते. तिथे त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि गुरूंच्या सांगण्यावरून पुढच्या अभ्यासासाठी अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

बाल्टिमोर हे या विद्येचे जन्मगावच म्हणायला हवे. तिथेच १९०७ साली रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञाने बेडकाच्या भ्रूणातला एक इवलासा तुकडा लसीकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून धागा फुटून लांबत जाताना पाहिला. तो तुकडा होता मज्जेचा. शरीराबाहेर ऊती वाढवण्याच्या इतिहासातले हे पहिले पान, आणि ते मज्जातंतूने लिहिले गेले. मेंदूचा विषय या विद्येत नंतर शिरला, असे नाही. तो पहिल्या दिवसापासून तिथे आहे.

डॉ. गाय यांची प्रयोगशाळा म्हणजे एक चमत्कारिक स्वयंपाकघर होते. पेशींना खाऊ घालायला कोंबडीच्या रक्तातला द्राव, नवजात बाळाच्या नाळेतले रक्त, असे काय काय लागे. काचेच्या नळ्या एका मोठ्या चक्रात खोचून ते चक्र रात्रंदिवस संथपणे फिरवत ठेवायचे, म्हणजे पेशींना कधी अन्न मिळे, कधी हवा. उष्णता आपल्या अंगाएवढी. एखादा जंतू शिरला की सारी मेहनत वाया. तान्ह्या बाळाच्या आजीइतकीच स्वच्छता पाळावी लागे. कमलाबाई हे सारे शिकल्या.

याच प्रयोगशाळेच्या नावावर विज्ञानातले एक मोठे यश आणि एक मोठे ओझे आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घ्यायला जॉन्स हॉपकिन्समध्ये आली. तिच्या गाठीचा एक तुकडा डॉ. गाय यांच्याकडे गेला. इतरांच्या पेशी काही दिवसांत मरत, हिच्या मरेनात. दिवसागणिक दुप्पट होऊ लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी हेन्रिएटा गेली. पण हेला या नावाने तिच्या पेशी जगभर पसरल्या. पोलिओच्या लशीची चाचणी त्यांच्यावर झाली, पुढे कर्करोगाच्या, विषाणूंच्या असंख्य अभ्यासांना त्या उपयोगी पडल्या. डॉ. गाय यांनी स्वतः त्या सहकाऱ्यांना फुकट वाटल्या. मात्र हेन्रिएटाला कुणी विचारले नव्हते. तिच्या मुलांना वीस वर्षांहून अधिक काळ यातले काहीही ठाऊक नव्हते. त्या पेशींवर कंपन्यांनी धंदा केला आणि तिच्या मुलांना स्वतःच्या औषधपाण्याची भ्रांत होती.

कमलाबाई मायदेशी परतल्या त्या ही विद्या गाठीला बांधून. डॉ. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले होते. तिथे त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. टिश्यू कल्चर हा शब्द आज केळीच्या बागाईतदाराच्याही तोंडी असतो. त्या काळी तो शास्त्रज्ञांनाही अपरिचित होता. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा हात कसा असतो, हे त्यांनी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून तपासले.

पण आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कर्करोगाचे नव्हते. ते होते कुष्ठरोगाचे. आम्हा रत्नागिरीकरांना हा रोग ऐकून माहीत नाही, बघून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकापासून गावात कुष्ठरुग्णांचे रुग्णालय आहे. या रोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ सालीच शोधला होता. पण तो काचेत वाढवता येईना, आणि जंतू वाढवता आल्याशिवाय लस करायची कशी? हा जंतू मज्जातंतूंत घर करतो, म्हणूनच हातपाय बधिर होतात. तेव्हा परळच्या प्रयोगशाळेत विचार झाला की त्याला त्याचेच आवडते घर द्यावे. मानवी गर्भाच्या कण्यालगतच्या मज्जागाठींतील पेशी काचेत वाढवल्या गेल्या आणि त्यांच्या साहाय्याने, कुष्ठरुग्णांच्या गाठींतून मिळालेला एक जंतू १९५८ साली वाढवण्यात यश आले. डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांच्या नावे ते प्रसिद्ध झाले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या जंतूला आयसीआरसी म्हणतात.

म्हणजे मानवी मज्जापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्याकडून रोगाची वाट काढण्याचा प्रयत्न आपल्या मुंबईत, परळच्या गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजात, सहासष्टहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. पुढे हा जंतू खुद्द कुष्ठरोगाचा नसून त्याच्या भावकीतला असल्याचे ठरले. तरी काम फुकट गेले नाही. त्या जंतूपासून लस तयार झाली आणि १९९० च्या दशकात दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले.

त्या मज्जापेशी ज्या गर्भांच्या, त्यांच्या आया कोण होत्या? त्यांची नावे विज्ञानाच्या वहीत नाहीत. यात परळच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळ्या जगाची रीतच तशी होती. संशोधनात माणसाची संमती कशी घ्यावी, हे सांगणारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले धोरणपत्रक १९८० साली निघाले. पण हिशेब लिहिताना जमा बाजू लिहायची आणि येणे कुणाचे ते कोरे सोडायचे, हे मला पटत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत सह्या पडताळण्यात गेली. निरक्षर खातेदार अंगठा उठवायला आला की कागदात काय लिहिले आहे ते त्याच्या भाषेत सांगायचे, साक्षीदार घ्यायचा, मगच अंगठा घ्यायचा, असा नियम. घाईच्या दिवशी हे जाचक वाटे. आता कळते की अंगठ्यापेक्षा त्याआधीचे ते सांगणे महत्त्वाचे होते. आणखी एक नियम आहे. दहा वर्षे कुणी न फिरकलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क संपत नाही. हेन्रिएटाच्या वारसांचे तसेच झाले. तिच्या पेशींतील आनुवंशिक माहिती कुणी वापरावी, हे ठरवण्यात २०१३ साली कुटुंबाला वाटा मिळाला, आणि २०२३ साली एका मोठ्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली. बहात्तर वर्षांनी खाते उघडले गेले.

आजची विद्या कमलाबाईंच्या काळाच्या फार पुढे गेली आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या त्वचापेशींना मागे नेऊन पुन्हा मूलपेशी बनवण्याची युक्ती दाखवली. त्यामुळे गर्भाची गरज पुष्कळ कमी झाली. २०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिख यांनी अशा पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे काही मिलिमीटरचे गोळे वाढवले. २०१६ साली झिका विषाणू बाळांचे डोके लहान का करतो, हे अशाच गोळ्यांत दिसले. गर्भवती बाईवर तो प्रयोग करताच आला नसता. २०२५ साली जपानमधील क्योटोच्या डॉक्टरांनी मूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी सात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते आशादायक आहेत. बंगळूरला निमहान्सच्या मदतीने मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून चेतापेशी घडवून अभ्यास चालू आहे.

मग त्या मसुराएवढ्या गोळ्याला दुःख होते का? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. गोळ्याला ना डोळे, ना कान, ना रक्तवाहिन्या. थोडा मोठा झाला की आतून मरू लागतो. आज तरी त्याला जाणीव असावी असे मानायला आधार नाही. पण २०१९ साली कॅलिफोर्नियात कित्येक महिने वाढवलेल्या गोळ्यांतून विजेच्या लहरी उमटल्या आणि त्यांचे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूलहरींशी काही साम्य दिसले. २०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असा गोळा उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत रुजवला, तेव्हा उंदराच्या मिशीला स्पर्श होताच मानवी पेशी प्रतिसाद देऊ लागल्या. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, अशी रेघ आपल्या देशाच्या नियमांत आहे. मेंदूच्या गोळ्यासाठी अशी सर्वमान्य रेघ अजून कुणी ओढलेली नाही. ती वेळ येण्याआधी ओढलेली बरी.

कमलाबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला इथे वाट दाखवतो. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या कार्यकारी संचालक होत्या, १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली, १९८२ साली पद्मभूषण मिळाले. एवढ्यावर कुणीही आरामखुर्ची गाठली असती. निवृत्तीनंतर बाई गेल्या त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी वस्त्यांत. बायका-मुलांचे पोषण तपासायचे, गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायचे, हे काम त्यांनी हाती घेतले. २००१ साली त्यांचे निधन झाले. जन्मभर पेशी पाहिलेली ही बाई शेवटी माणसांच्या दारात जाऊन बसली, त्यांच्या भाषेत समजावू लागली. पेशीचा हिशेब पुरा व्हायचा तर तो माणसापाशीच येऊन पुरा होतो, हे त्यांच्या जगण्यातून दिसते.

आमच्या रत्नागिरीत कुष्ठरुग्णालयासारखेच मनोरुग्णालयही एकोणिसाव्या शतकापासून आहे. कुठल्या घरातले कोण तिथे होते, हे आजही कुजबुजत सांगितले जाते. घरोघरी कुणी आजोबा नाव विसरले आहेत, कुणा काकूंचा हात थरथरतो आहे. या घरांना खोटी आशा विकणारे दुकानदार पुष्कळ आहेत. रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा उपचार चाचणीबाहेर कुणी देऊ नये, असे २०१७ चे राष्ट्रीय निर्देश सांगतात, तरी लोक दागिने मोडून पैसे भरतात. खरी आशा सावकाश चालते, आणि ती फुकटही नसते. तिला कुणाच्या तरी रक्ताचा थेंब, त्वचेचा कण लागतो.

उद्या एखादा डॉक्टर आपल्या आजोबांच्या रक्ताचा नमुना मागायला आला, तर दार लावून घेऊ नये, असे मला वाटते. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे. यातून काय वाढवणार, किती काळ ठेवणार, कुणाला देणार, नको म्हटले तर थांबवणार का? त्याने आपल्या भाषेत नीट उत्तर दिले तर खुशाल सही करावी. आणि सहीखाली आजोबांचे नाव मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहावे.