नाथांच्या घरची पंगत

गोदावरीच्या काठी वसलेल्या श्रीक्षेत्र पैठणला जे ग्रामस्थ जाऊन आले असतील, त्यांनी नाथवाड्यातील तो रांजण डोळे भरून पाहिला असेल. दरवर्षी तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत भाविक मंडळी नदीचे पाणी आणून त्या रांजणात ओततात. साक्षात भगवान श्रीकृष्णांनी श्रीखंड्या हे नाव घेऊन बारा वर्षे या घरी पाणी भरले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. रांजण भरून वाहू लागला, की देव येऊन गेला असे मानून वाड्यात एकच नामघोष होतो.

वाचकहो, देवाला मंदिरे थोडी का होती? मग एका गृहस्थाच्या घरी पाणक्या होऊन राहावे, असे त्याला का वाटले असावे? या प्रश्नाचे उत्तर श्रीसंत एकनाथमहाराजांच्या साध्या, नित्याच्या प्रपंचात सापडते. आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी त्या प्रपंचाचे चार शब्दांत स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे झाला. घराणे विठ्ठलभक्तीचे. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून ज्यांची ख्याती आहे, ते भानुदास हे नाथांचे पणजोबा होत. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र नाथांच्या अगदी लहानपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनीच नातवाला वाढविले. ज्या बालकाला आईच्या हातचा घास फार दिवस लाभला नाही, त्याच्याच घरी पुढे हजारो लोक पोटभर जेवले, ही ईश्वरी योजनाच म्हणावयाची.

बालवयातच गुरूच्या ओढीने नाथ देवगिरीस गेले. तेथील किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी हे मोठे अधिकारी पुरुष. नोकरी, संसार आणि परमार्थ तिन्ही सांभाळणारे. त्यांनी नाथांना हिशेबाचे काम दिले. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एवढ्याशा पैसाठी रात्र जागविणारा हा शिष्य पुढे घरी आलेल्याला वाढताना मात्र कधी हिशेब करीत बसला नाही. हिशेब कोठे करावा आणि कोठे करू नये, हे ज्याला कळले त्याला प्रपंच साधला.

तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले, तेव्हा वृद्ध आजी-आजोबा त्यांची वाट पाहत होते. लग्न करून पैठणातच राहावे, अशी गुरूंची पत्राद्वारे आलेली आज्ञा त्यांनी नाथांच्या हाती दिली. पत्र वाचले त्याच जागी नाथ थांबले आणि तेथेच पुढे त्यांचे घर उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. गोदावरी व गंगा या दोन मुली आणि हरी हा मुलगा, असा त्यांचा संसार फुलला. महाभारतावर मराठी रचना करणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांचे मुलीकडून नातू. यात्रेत सोबत असलेला उद्धव हाही घरचाच होऊन राहिला आणि कोठीपासून पाहुण्यांपर्यंत सारी व्यवस्था पाहू लागला.

या घरचा दिवस कसा जाई, ते ऐकण्यासारखे आहे. पहाटे उठून चिंतन, मग गंगास्नान, पूजा व भागवताचे वाचन. दुपारी वैश्वदेव झाला, की दारात येऊन कोणी अतिथी आहे काय ते पाहावयाचे आणि त्याला सोबत घेऊनच पाटावर बसावयाचे. तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. मुलेबाळे, लेकी, पाहुणे, वारकरी यांनी घर गजबजलेले असे. सणावारी पुरणपोळी होई. देवाला नैवेद्य दाखवून सर्वांनी मिळून जेवावे, गप्पागोष्टी कराव्यात, मुलांचे कौतुक करावे, या साध्या सुखांना नाथांनी कधी तुच्छ मानले नाही. संसार टाकून रानात जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. मात्र हे सुख कडी लावून आत बसून भोगावयाचे नाही, एवढा एकच नेम त्यांनी जन्मभर पाळला.

एका पावसाळी रात्री काही ब्राह्मण पाहुणे भिजून, कुडकुडत दारी आले. चुलीला घालावयास कोरडे लाकूड घरात उरले नव्हते. नाथांनी उद्धवाला सांगून स्वतःचा पलंग मोडावयास लावला आणि त्या लाकडांवर पाहुण्यांसाठी पाणी तापले, अन्न शिजले. ते निजावयाचे सुख गेले खरे, पण पाहुणे ऊब घेऊन झोपले.

गिरिजाबाईंचा वाटा यात नाथांहून कमी नाही. नाथांना राग आणून दाखवील त्याला दोनशे रुपये देऊ, अशी पैज काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाशी लावली. मुलाच्या कार्यासाठी पैशांची निकड असलेला तो बिचारा नाथांच्या घरी गेला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवरच जाऊन बसला. नाथांनी हसून त्याला जेवावयास ठेवून घेतले. गिरिजाबाई वाढावयास वाकल्या, तोच त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. पाहुणा पडेल, सांभाळ, असे नाथांनी सुचविले. त्यावर, हरीला पाठीवर घेऊन कामे करण्याची आपल्याला सवयच आहे, पडू कशी देईन, असे त्या माउलीने सहज सांगितले. तो ब्राह्मण शरमेने पाया पडला. आधी सांगितले असते तर रागावलो असतो, तुमचे पैसे तरी बुडाले नसते, असे म्हणून नाथांना उलट त्याच्याच नुकसानीची हळहळ वाटली.

येथवरचे औदार्य गावाला रुचत होते. पण वाटून खाण्यालाही लोकांनी कुंपण घातलेले असते आणि नाथांच्या हातून ते कुंपण ओलांडले गेले, तेव्हा खरी कसोटी लागली.

घरी पितरांचे श्राद्ध होते. सोवळ्यातला स्वयंपाक तयार होता आणि ब्राह्मण यावयाचे होते. त्या काळी ज्यांना अस्पृश्य लेखीत, अशा समाजातील एक कुटुंब वाड्याजवळून चालले होते. अन्नाचा सुवास येताच त्यांच्या मुलाला भूक आवरेना. असे अन्न आपल्या नशिबी कोठले, हे आईचे उद्गार नाथांच्या कानी पडले. नाथांनी गिरिजाबाईंकडे पाहिले. दोघांनी त्या कुटुंबाला बोलावून तो सर्व स्वयंपाक त्यांना जेवू घातला. मग गिरिजाबाईंनी चूल पुन्हा सारवली आणि सगळा स्वयंपाक नव्याने केला. तरी ब्राह्मणांनी जेवावयास येण्याचे नाकारले. तेव्हा नाथांनी पाने मांडली आणि प्रत्यक्ष पितरच येऊन जेवले, असे महिपतीबुवांनी मोठ्या भक्तिभावाने वर्णिले आहे. चमत्कार ज्याला जसा भावेल तसा त्याने घ्यावा. भुकेल्याला घातलेले अन्न पितरांना पोहोचते, हा त्यातील बोध मात्र कोणालाही पटावा.

गोदावरीच्या तापलेल्या वाळूत चुकलेले अस्पृश्याचे मूल कडेवर घेऊन नाथांनी ते त्याच्या घरी पोहोचविले. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगाजल वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. महारवाड्यातील राण्या व त्याची पत्नी हे भाविक दांपत्य. त्यांनी नाथांना जेवावयास बोलावले, तर नाथ त्यांच्या घरी जाऊन आनंदाने जेवले. दुसऱ्याला देणे एक वेळ सोपे असते. ज्याला जगाने दूर ठेवले त्याच्या हातचा घास घेणे कठीण. नाथांनी दोन्ही केले आणि त्यापायी गावचा रोष, प्रायश्चित्त, वाळीत पडणे हे सारे हसतमुखाने सोसले.

सर्वांत मोठा घाव मात्र घरातच बसला. पुत्र हरिपंडित मोठे विद्वान निघाले. वडिलांनी मराठीतून पुराण सांगावे, कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना मानवेना. ते रुसून काशीस निघून गेले. ज्या घरी परकेही आपले होत होते, त्या घरात पोटच्या मुलाचा पाट रिकामा राहिला. नाथ स्वतः काशीला गेले आणि मुलाची समजूत काढून त्याला घेऊन आले. मुलाने दोन अटी घातल्या, मराठीतून पुराण सांगावयाचे नाही व परान्न घ्यावयाचे नाही. पुत्रप्रेमाने नाथांनी त्या मान्य केल्या. पण श्रोत्यांनी गजबजणारा वाडा ओस पडला.

अशात एक गरीब विधवा बाई आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प होता, पण दारिद्र्यामुळे तो पुरा करणे शक्य नव्हते. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातले तर संकल्प पुरा होईल, असे तिला जाणत्यांनी सांगितले होते, म्हणून ती नाथांना बोलावू लागली. नाथांना मुलाला दिलेला शब्द मोडवेना आणि बाईला विन्मुख पाठवणेही जिवावर आले. शेवटी हरिपंडितांनीच तिच्या घरी स्वयंपाक करावा, असे ठरले. नाथ जेवून उठले, तेव्हा त्यांनी मुलालाच उष्टे काढावयास सांगितले. हरिपंडितांनी पत्रावळ उचलली, तो खाली दुसरी. ती उचलली, तो तिसरी. अशा एक हजार पत्रावळी निघाल्या, असे चरित्रात आहे. विद्वान मुलगा वडिलांच्या चरणी लागला आणि नाथांची मराठी वाणी पुन्हा वाड्यात घुमू लागली.

अन्नाप्रमाणेच नाथांनी ज्ञानही वाटले. संस्कृतातील भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका इ. स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. भारुडांतून त्यांनी वासुदेव, जोगी, गारुडी अशा दारोदार फिरणाऱ्या माणसांच्या तोंडून वेदान्त सांगितला. आळंदीस जाऊन त्यांनी ज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीला वेढणारी अजानवृक्षाची मुळी दूर केली, ही कथा प्रसिद्धच आहे. पाठोपाठ इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून दिली. एका दृष्टीने हा मोठा जीर्णोद्धारच होय. विस्मृतीत जाऊ पाहणारे धन झाडूनपुसून त्यांनी सर्वांच्या हाती दिले.

नाथांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला रोज पुरणपोळी लागे. विधवा आईची ऐपत नव्हती, तेव्हा तिने त्याला नाथांच्या स्वाधीन केले. लोक त्याला पुरणपोळ्या म्हणून हसत. गिरिजाबाईंनी मात्र त्याला प्रेमाने वाढले. पुढे भावार्थ रामायणाचे युद्धकांड चालू असताना नाथांचा अंतकाळ जवळ आला आणि ग्रंथ अपुरा राहिला. इ. स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. उरलेले रामायण कोणी पुरे केले? ज्याला लोक मठ्ठ समजत होते, त्या पुरणपोळ्या गावबाने! कोणाला वाढलेला घास पुढे कसा फळाला येईल, हे वाढणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने फक्त वाढावे.

पैठणजवळ जायकवाडीचे धरण इ. स. १९७६ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. ज्यांच्या रांजणाचे पाणी दारी आलेल्या कोणालाही मिळे, त्यांच्या नावाचे पाणी मराठवाड्याच्या शेतांना मिळावे, हे किती यथायोग्य!

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपण सर्वांनी यथाशक्ती हातभार लावून देवाचे घर नवे केले. देणाऱ्यांत मोठी रक्कम देणारे आहेत, तसे पायलीभर धान्य देणारे आणि चार दिवस अंगमेहनत करणारेही आहेत. देवाच्या दारी हे सर्व दान सारखेच. आता उत्सव होतील, पंगती बसतील. त्या वेळी गावाच्या कडेला राहणारे, वाटेने जाणारे, एकटे पडलेले कोणी मागे राहिले नाही ना, एवढे बाहेर येऊन पाहिले पाहिजे. आपल्या घरीही गोडधोड होईल, तेव्हा दाराशी क्षणभर थांबून नाथांप्रमाणे रस्त्याकडे नजर टाकावी. ज्या घरी अशी नजर टाकली जाते, तेथे श्रीखंड्या पाणी भरावयास येतो, ही नाथचरित्राची ग्वाही आहे.

॥ श्रीएकनाथमहाराजार्पणमस्तु ॥