वीरचंद राघवजी गांधी : अठरा दिवस उणी सदतीस वर्षे

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन दर्शन मांडणारा काठेवाडी पागोट्यातील तरुण, एवढीच कै. वीरचंदभाईंची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. भारतीय टपाल खात्याने २००२ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेही मुख्यत्वे याच ओळखीमुळे. ती खरी असली तरी अपुरी आहे. त्यांच्या कार्याचे मोल जाणावयाचे, तर परिषदेपूर्वीची वर्षे आधी पाहावी लागतात.

भावनगर संस्थानातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी. ए. झाले आणि जेमतेम एकविसाव्या वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस बनले. त्या काळी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील करावरून पालीताणा संस्थान व श्रीसंघ यांच्यात तीव्र तंटा होता. वीरचंदभाईंनी मुंबई सरकारपर्यंत दाद मागितली, कागदपत्रे जुळविली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. अखेर १८८६ मध्ये तडजोड झाली. दरडोई कराऐवजी संघाने वर्षाला १५,००० रुपये ठोक द्यावेत, असे चाळीस वर्षांसाठी ठरले. विश्वस्त म्हणून ज्यांनी कधी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजविले आहेत, त्यांना या कामातील कष्ट निराळे सांगावयास नकोत. पुढे सम्मेदशिखरावर एका इंग्रजाने डुकराच्या चरबीचा कारखाना काढला, तेव्हा हे कलकत्त्यास जाऊन राहिले आणि कागदपत्रे समजावीत म्हणून बंगाली शिकले. निकाल जैनांच्या बाजूने लागला.

शिकागोचे निमंत्रण मुळात आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना होते. साधुआचारामुळे समुद्रप्रवास अशक्य, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठविले. सप्टेंबर १८९३ मधील त्या परिषदेत एका पाद्र्याने हिंदू मंदिरांतील देवदासींवरून टीका केली, तेव्हा उत्तर देण्यास हा जैन प्रतिनिधीच उभा राहिला. परदेशगमनामुळे स्वसमाजातील काहींनी मात्र त्यांना प्रायश्चित्त घेण्यास बजावले. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी होते, पण १८९६ साली महाराजांचा देह पडला. त्याच सुमारास भारतात दुष्काळ होता. वीरचंदभाईंनी अमेरिकेतून मक्याचे जहाज भरून पाठविण्यासाठी खटपट केली. बॅरिस्टर मोहनदास गांधी यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. मुंबईत दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले होते.

७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते.

त्यांच्यामागे काय राहिले? आमच्या मते, जेथे संस्था पाठीशी होती तेथील काम टिकले. पालीताण्याचा करार त्यांच्या मृत्यूनंतरही पंचवीस वर्षे चालला. १९२६ साली त्याची मुदत सरताच तंटा पुन्हा पेटला, दोन वर्षे यात्रेकरूंनी गिरिराजाकडे पाठ फिरविली, आणि १९२८ मध्ये वर्षाला ६०,००० रुपये देणे कबूल करावे लागले. त्या १५,००० रुपयांची किंमत तेव्हा कळली असावी.

पश्चिमेतील कार्याचे तसे झाले नाही. तेथे ते जवळजवळ एकटेच होते. त्यांच्यामागून जावयास समाजाने दुसरा माणूस घडविला नव्हता. व्याख्यानांतून जमलेली मंडळी पांगली. ज्या समाजाने प्रायश्चित्ताचा हिशेब मांडला, त्याने वारसदाराची चिंता केली नाही, हे कटू असले तरी लिहिणे भाग आहे. एक धागा तेवढा उरला. लंडनमध्ये हर्बर्ट वॉरन नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांच्याकडून जैन सिद्धांत शिकले होते. गुरूंची व्याख्याने ऐकताना घेतलेली टिपणे त्यांनी जपून ठेवली आणि १९१२ साली, मुख्यतः त्यांच्याच आधारे, जैन धर्मावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले.