रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : १४ जानेवारी १८८२, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे मराठी लेखक, संपादक, गणिताचे प्राध्यापक आणि भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. मूल व्हावे की नाही, आणि व्हायचे असल्यास केव्हा, हे दैवाने वा रूढीने नव्हे तर पतिपत्नींनी, त्यातही विशेषतः स्त्रीने ठरवावे, या विचाराचा त्यांनी आयुष्यभर प्रसार केला. 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचे ते संस्थापक-संपादक होते.

बालपण आणि शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म कोकणातील मुरूडच्या कर्वे घराण्यात झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई यांचे ते पुत्र होत. १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले, तेव्हा रघुनाथराव नऊ वर्षांचे होते. १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार पत्करला. पटलेल्या विचाराची किंमत कशी मोजावी लागते, हे रघुनाथरावांनी असे लहानपणीच पाहिले. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. १९०४ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते.

संततिनियमन केंद्र

१९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. गर्भधारणा टाळण्याच्या साधनांची माहिती ते तेथे देत. १९२३ मध्ये त्यांचे 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. त्यांचे हे कार्य मिशनरी चालकांना रुचले नाही. नोकरी किंवा प्रचारकार्य यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरीचा त्याग केला.

अपत्य न होऊ देण्याचा निर्णय

कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता. लग्नानंतर पाळणा हललाच पाहिजे, असे मानणाऱ्या त्या काळात असा निर्णय घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. अपत्यहीनतेचा बोल समाज पुरुषापेक्षा स्त्रीलाच अधिक लावतो, हे लक्षात घेता त्यात मालतीबाईंचा वाटा विशेष मानावा लागतो. प्राध्यापकी सुटल्यानंतरच्या ओढग्रस्तीतही त्यांची पतीला खंबीर साथ होती. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भूमिका

संततिनियमनाचा पुरस्कार करणारे अनेकजण देशाच्या लोकसंख्येचा विचार करीत. कर्वे यांचा भर मात्र व्यक्तीवर, प्रामुख्याने स्त्रीवर होता. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीची प्रकृती ढासळते आणि नको असताना लादलेले मातृत्व हा तिच्यावरील अन्याय आहे, असे त्यांचे मत होते. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते मानीत. महात्मा गांधींना संततिनियमनासाठी ब्रह्मचर्य आणि संयम हाच मार्ग मान्य होता. सामान्य दांपत्यांना हा मार्ग व्यवहार्य नाही, अशी कर्वे यांची भूमिका असल्याने त्यांनी गांधींच्या मतांवर स्पष्ट टीका केली.

समाजस्वास्थ्य आणि खटले

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. लैंगिक आरोग्य, विवाह, नीती आणि धर्म या विषयांवर त्यात बुद्धिवादी दृष्टीने लेखन येई. वाचकांच्या प्रश्नांना कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. या लेखनावर अश्लीलतेचा आरोप होऊन १९३१ मध्ये त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक प्रश्नांची चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बचावाची भूमिका होती. तथापि न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि २०० रुपये दंड ठोठावला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळण्यात आला.

अखेरची वर्षे

आर्थिक झळ सोसून कर्वे यांनी मासिक अखेरपर्यंत चालविले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. ज्या प्रचारापायी त्यांना नोकरी गमवावी लागली होती, तो आता सरकारी धोरणाचा भाग झाला. सरकारचा भर मात्र लोकसंख्यावाढीला आळा घालण्यावर होता. स्त्रीच्या इच्छेचा कर्वे यांनी मांडलेला प्रश्न त्याने पुरता सुटला नाही. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक ठरला.

निवडक ग्रंथ

• संततिनियमन : आचार आणि विचार
• गुप्तरोगांपासून बचाव
• आधुनिक कामशास्त्र
• आधुनिक आहारशास्त्र
• वेश्याव्यवसाय

चित्रपट आणि नाटक

कर्वे यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' (२००१) हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांच्यावरील खटल्यांवर अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आधारलेले आहे.