वि. स. खांडेकर : शिरोड्यातील वर्षे आणि मंदीच्या काळातील संसार

'ययाति'चे लेखक आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक मिळवून देणारे साहित्यिक म्हणून विष्णु सखाराम खांडेकर आपल्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत घटकात त्यांच्या चरित्राकडे आपण एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. संकटात सापडलेल्या कुटुंबाला हात कोणी द्यावा : शेजाऱ्याने, एखाद्या ध्येयवेड्या माणसाने की शासनाने?

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडिलांचे छत्र लवकर हरपले. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुढे सावंतवाडी संस्थानातील नानेली येथील चुलत्यांकडे ते दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. दत्तकविधानाने आर्थिक विवंचना मात्र संपली नाही. शिक्षण अर्धवट सोडून त्यांना कोकणात यावे लागले. नोकरी आणि संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला या घटनेचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९२० मध्ये ते शिरोडे येथील इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. शिरोडे त्या काळी रत्नागिरी जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यात होते. भातशेती, माडाच्या बागा, मासेमारी आणि मिठागरे यांवर गावाचा निर्वाह चाले. त्याला जोड असे ती मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींची.

१९२९ नंतर जागतिक मंदीची झळ या व्यवस्थेला बसली. शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोखीनेच भरावा लागे. मुंबईच्या गिरण्यांत वेतनकपात झाली आणि १९३४ मध्ये तिच्याविरुद्ध कामगारांनी मोठा संप केला. अशा वेळी गावाकडील चूलही मंदावणार, हे उघड होते.

सरकारी साहाय्याचे स्वरूप येथे लक्षात घ्या. सरकार तगाई देई, परंतु ते कर्ज होते. पीक बुडाल्यास सारा तहकूब होई, क्वचित माफ होई. दुष्काळी कामे निघत ती अवर्षण जाहीर झाल्यावर. कोकणात पाऊस मुबलक; तेथील माणूस उपाशी राहिला तरी त्याच्या उपासमारीला दुष्काळ हे नाव मिळणे कठीण होते. उलट मिठावरील कर श्रीमंताला आणि मजुराला सारखाच भरावा लागे. मे १९३० मध्ये याच शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक तेथे आले. सत्ता आणि सामान्य माणसाची चूल यांचे नाते खांडेकरांच्या गावातच असे प्रकट झाले.

याच वर्षांत त्यांची कादंबरी घडत होती. 'हृदयाची हाक' १९३० मध्ये, 'कांचनमृग' १९३१ मध्ये आणि 'उल्का' व 'दोन ध्रुव' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. 'दोन ध्रुव' हे शीर्षकच आर्थिक विषमतेचे सूचन करते. त्यांचे नायक गरिबांसाठी स्वतःचे सुख सोडतात, खेड्यात जाऊन राहतात, आपल्या मिळकतीतला घास दुसऱ्याला देतात. या ध्येयवादावर स्वप्नाळूपणाचा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि आक्षेप नोंदवताना एक गोष्ट विसरू नये : ज्या समाजात कुटुंबाला सावरणारी सार्वजनिक यंत्रणा नव्हती, तेथे व्यक्तीच्या करुणेवाचून लेखकाला दुसरा आधार फारसा दिसत नव्हता.

१९३८ मध्ये ते कोल्हापूरला स्थायिक झाले. १९४१ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, 'ययाति' (१९५९), १९६८ चा पद्मभूषण किताब, १९७४ चे ज्ञानपीठ असा पुढील प्रवास आपल्याला ज्ञात आहे. उत्तरायुष्यात दृष्टी गेली, तरी लेखन थांबले नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रात एक महत्त्वाचा बदल घडत होता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने घालावी, असे ठरले. १९७७ मध्ये विधिमंडळाने योजनेचा कायदा संमत केला. शहरातील शिक्षकाच्या पगारातून कापली जाणारी रक्कम खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी होऊ लागली. खांडेकरांचा नायक जे दयाबुद्धीने करत होता, त्याला कराचे आणि हक्काचे रूप आले. दया करणारा माणूस न भेटला तर गरिबाचे काय, या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते.

मात्र असा कर भरण्यास समाज राजी व्हावा, यासाठी परक्याच्या चुलीची काळजी आधी त्याच्या मनात रुजावी लागते. मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांमध्ये ती रुजवण्याचे काम शिरोड्याच्या या शिक्षकाने केले. 'दोन ध्रुव' वाचताना आपण स्वतःला विचारा : या कादंबरीतील दुःखी माणसाला सद्भावनेची गरज अधिक आहे, की हक्काची? उत्तर लिहिताना आपल्या गावातील एखाद्या कुटुंबाचा अनुभव जवळ ठेवा.