उत्तर बरोबर, पण माकडे किती?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचे टेबल सांभाळत होतो. एक म्हातारा कर्जदार एकदा नातवाचे बीजगणिताचे पुस्तक घेऊन समोर बसला. ऋण म्हणजे कर्ज, एवढे त्याला ठाऊक होते. मग ऋणाला ऋणाने गुणले की धन होते, हे कसे? तसे असेल तर साहेबांनी त्याचीही दोन कर्जे एकमेकांत गुणून टाकावीत, एवढेच त्याचे मागणे. सगळी शाखा हसली. नियमच तसा आहे, असे सांगून मी त्याला वाटेला लावले. पण नियम आहे म्हणून अर्थही आला काय, हा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

त्याच तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख इथलाच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते कोणते, यावर पंडितांत वाद आहे आणि विजापूरचेही नाव घेतले जाते. आम्ही खानदेशी माणसे अर्थातच पाटणच्या बाजूची! वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणि रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा आपल्याला फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरामुळे माहीत झाली. कथा गोड आहे, पण मला त्या गणितांतली माकडे अधिक आवडतात.

बीजगणितातले ते उदाहरण असे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करा. उरतील त्यांच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. तर एकूण किती? नियमाने दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले, उरले ७. सातचा वर्ग ४९, फांदीवरचे एक, जमले. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २. त्याचा वर्ग ४, अधिक १, हेही जमले. पण उणे दोन माकडे कोणी पाहिली? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले, कारण ऋण संख्येतली माकडे लोकांना पटत नाहीत. ऋणाचे नियम ज्यांना तोंडपाठ होते, त्यांनीच म्हाताऱ्याचा आक्षेप साडेआठशे वर्षे आधी मान्य केला होता.

विसाव्या शतकात हाच प्रश्न तर्कशास्त्रात उभा राहिला. 'आणि', 'किंवा' या शब्दांना अर्थ येतो कुठून? गेर्हार्ड गेंट्झेन या जर्मन गणितज्ञाने १९३५ च्या सुमारास सुचवले, की शब्द विधानात कधी आणायचा, हा नियम म्हणजेच त्याची व्याख्या. त्यातून पुढे काय काढायचे, ते त्या व्याख्येतूनच निघते. १९६० मध्ये न्यूझीलंडच्या आर्थर प्रायरने याची थट्टा केली. त्याने 'टाँक' हा शब्द बनवला. 'पाऊस पडला' यावरून 'पाऊस पडला टाँक कर्ज फिटले' असे म्हणायची मुभा, आणि त्यातून 'कर्ज फिटले' एवढेच सुटे काढायचीही मुभा. दोन्ही नियम पाळले आणि पाऊस पडताच तालुका कर्जमुक्त! नुएल बेल्नॅपने १९६२ मध्ये त्यावर अट घातली, की नव्या शब्दाच्या आधारे जुन्या शब्दांत आधी सिद्ध न होणारे काही सिद्ध होता कामा नये.

शून्याने भागण्याच्या बाबतीत भास्कराचार्यांच्या दारातही टाँक उभा होता. संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागले, तर ती होती तशीच राहते, असा लीलावतीतला नियम. तो सरसकट लावला तर ५ आणि ७ दोघांनाही शून्याने गुणून शून्यच येते, मग भागल्यावर पाच आणि सात सारखे. असा ताळेबंद मी सही करून पाठवला असता तर घरी बसलो असतो. पण त्यांनी अट घातली, की पुढची क्रिया बाकी असेल तर शून्य हा नुसता गुणक म्हणून लिहून ठेवायचा, गुणाकार उरकून टाकायचा नाही. आजचे गणित हा नियम मानत नाही, तरीही ती सावधगिरी मला एखाद्या जाणत्या कारकुनाची वाटते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिले. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून दरबारी नेले, तर नातू चंगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला चंगदेवाने पाटणला मठ काढला. १२०७ च्या सुमाराच्या त्या लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे. गिऱ्हाइकांकडून येणारा राजाचा वाटा मठाला दिला, अशी त्यात रोकडी नोंद आहे.

१९९० मध्ये शेतीकर्जाच्या माफीची योजना आली, दहा हजारांपर्यंतची. म्हाताऱ्याच्या खात्यावरचे दोन थकीत हप्ते मीच खोडले. खात्यातून ऋण वजा केले, तेही दोनदा, आणि तो तेवढ्याने सधन झाला. पेन हातात असतानाच मला त्याचा प्रश्न आठवला. मी मान वर केली, तर तो अंगठ्याची शाई धोतराला पुसत पायऱ्या उतरत होता.